हिंगणाची मात्रा

मारेगाव-केळापूर भागातील काळ्या, उन्हाने भेगाळणाऱ्या शिवारात, सरकारी दप्तरी पडीत म्हणून दाखल असलेल्या जमिनीच्या धुऱ्यावर, जिथे बाभूळ-बोरीखेरीज काही तग धरील अशी आशाच नसते, तिथे बोटभर हिरव्या काट्यांचा हिंगण निश्चिंत उभा असतो. आणि हाच वृक्ष सुदानच्या मरुप्रदेशात उंटांना पाला व माणसांना फळे पुरवतो हे समजले, की त्याच्या चिवटपणाचा उलगडा होतो. संस्कृत ग्रंथांतील इंगुदी ती हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कुशाग्राने तोंड चिरलेल्या पाडसाला शकुंतलेने लावले ते तेल इंगुदीचेच.

हिवाळ्यात पिकलेली फळे एका वृद्ध कोलाम आदिवासी बाईंनी माझ्यासमोर सोलली. ठिसूळ सालीआड तपकिरी, चिकट, आधी गोड आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारा कडू गर होता. तो पाण्यात कुस्करताच दाट फेस आला. या फेसाने पूर्वी रेशमी वस्त्रे धूत, कारण सोडाखाराने रेशीम खराब होते, हिंगणाने होत नाही. फेसाचे कारण असलेली सॅपोनिने हीच गराला जंतावरील औषध बनवतात, आणि तीच डोहात मिसळली तर मासे मरतात; सुदानात बिल्हार्झिया हा जलजन्य रोग पसरवणाऱ्या गोगलगायी मारण्यासाठी या फळाचा विचार झाला तो याच गुणामुळे. औषध आणि विष यांच्यामधली सीमा इथे केवळ मात्रेची आहे, आणि या औषधविद्येचा सारा भार त्या मात्रेवर आहे, असे माझे मत झाले.

मग दगडाने बाठा फोडून त्यांनी तेलकट गाभा काढला, सहाणेवर पाण्याचे थेंब टाकून तो उगाळला. खोकणाऱ्या नातवासाठी वेढे किती घ्यायचे हे वयावर तर ठरतेच, पण पोट साफ आहे की नाही हे विचारल्यावाचून त्या सहाणेला हात लावीत नाहीत. भाजल्या जागी याच बीजाचे तेल लावतात.

“दोन दिवसांत गुण नाही आला तं दवाखान्यात न्या लागते,” त्या म्हणाल्या, आणि उरलेले बाठे उन्हात पसरायला उठल्या.