पुढचे इंजिन, मागची चाके

सिन्नर तालुक्यात मोटारीची परीक्षा घेणारे तीन प्रकारचे रस्ते आहेत. पहिला समृद्धी महामार्ग. गोंदे येथे त्यावर चढता-उतरता येते, आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून मुंबई ते नागपूर असा 701 किलोमीटरचा सलग रस्ता मोटारींना ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेत उपलब्ध आहे. दुसरा नाशिकहून सिन्नरला येताना लागणारा मोहदरीचा घाट. तिसरा प्रकार मुसळगाव-माळेगावच्या औद्योगिक वसाहतींपासून आडगावांकडे फुटणाऱ्या रस्त्यांचा, जिथे गतिरोधक कुणी, कधी आणि किती उंचीचा घातला याला काही धरबंध नसतो. स्पोर्ट्स कारची तुलना करणारे लेख सहसा परदेशातल्या शर्यतीच्या ट्रॅकवर लिहिले जातात: शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत, एक फेरी किती मिनिटांत. सिन्नरच्या रस्त्यांवर या आकड्यांना फारसा अर्थ उरत नाही. समृद्धीवर 120 ची मर्यादा साधी कौटुंबिक मोटारही सहज गाठते. फरक पडतो तो घाटात, खराब रस्त्यावर, आणि गाडी बंद पडल्यावर तिचे बॉनेट कोण उघडू शकतो यात. या कसोट्या लावल्या तर इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना ही जुनी मांडणी आपल्याकडच्या छोट्या उत्पादकासाठी सर्वांत शहाणी ठरते, असे माझे मत आहे. तिचा सर्वांत चांगला पुरावा अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत तयार झाला.

चिंकारा मोटर्सने या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे दोन आसनी रोडस्टर बनवायला घेतली. तिचे कूळ लपलेले नाही. ब्रिटिश अभियंता कॉलिन चॅपमन याच्या लोटस कंपनीने 1957 साली ‘सेव्हन’ नावाची अगदी किमान सामानाची गाडी काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, पुढे लांब नाक, उघडी पुढची चाके, आणि चालक जवळजवळ मागच्या आसावर बसलेला. वजन सुमारे 500 किलो. लोटसने 1972 मध्ये ती थांबवली, 1973 पासून केटरहॅम कंपनीने हक्क घेऊन ती पुढे चालू ठेवली, आणि जगभर अनेकांनी त्या आराखड्यावर आपापल्या गाड्या बेतल्या. चिंकाराची रोडस्टर 1.8एस त्याच घराण्यातली. पत्र्याऐवजी तिची काया फायबरग्लासची आहे, आणि नाकात इसुझूचे 1817 सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे, म्हणजे आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसामुळे ओळखीचे झालेले.

या निवडीपाशी थांबायला हवे, कारण सगळी गाडी तिच्यातून उभी राहते. कॉन्टेसामध्ये इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले होते. त्यामागे पाच गतींचा गिअरबॉक्स, त्यामागे प्रोपेलर शाफ्ट, शेवटी मागचा आस. जोर एका सरळ रेषेत मागे जातो. या मांडणीत गिअरची दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसते. मधे केबल नाही, लांबच लांब सळ्या नाहीत, झिजणारे सांधे कमी. चालकाच्या तळव्याला दात दातात बसल्याचे कळते, आणि घाटात वळणाच्या तोंडाशी तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना हे कळणे फार मोलाचे असते. इंजिन आसनांच्या मागे नेले की दांडी पुढे आणि गिअरबॉक्स मागे अशी ताटातूट होते; मग केबल टाकाव्या लागतात, त्यांची लांबी-ताण जुळवावा लागतो, आणि तीन पावसाळ्यांनंतर त्या जड होतात. थंड करण्याचेही तसेच. पुढच्या इंजिनाला रेडिएटर समोरच हातभर अंतरावर असतो. इंजिन मधे असेल तर एकतर पाण्याच्या नळ्या गाडीभर फिरवायच्या किंवा दोन्ही बाजूंना हवा खेचणारी तोंडे कापायची. मे महिन्याच्या दुपारी टोलनाक्यावरच्या रांगेत उभ्या गाडीला या दोन्ही सोयी पुरतीलच याची खात्री नसते. आणि बॉनेट उचलले की स्टार्टर, प्लग, बेल्ट सगळे मेस्त्रीच्या हाताशी. अँबेसिडर किंवा जीप खोलून बसवलेल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला चिंकाराचे इंजिन अनोळखी वाटणार नाही. ही गोष्ट किमतीच्या तक्त्यात दिसत नाही, पण गाडी दहा वर्षे चालेल की दहा महिने, हे तिच्यावर ठरते.

आता प्रतिस्पर्धी. त्याच सुमारास बंगळूरच्या, रेल्वे इंजिने बनवणाऱ्या सॅन समूहाने ‘स्टॉर्म’ ही दोन आसनी उघडी गाडी आणली. इंजिन तिचेही पुढेच, पण आडवे: रेनोचे 1149 सीसीचे, सुमारे 60 अश्वशक्तीचे, जोर पुढच्याच चाकांना. देखणी, हलकी, वापरायला सोपी. मात्र पुढच्याच चाकांनी वळायचे, ओढायचे आणि सर्वाधिक ब्रेकही लावायचा असे झाल्यावर घाटात त्या टायरांवर सगळा भार येतो, आणि मागचे टोक नुसते ओढले जाते. शहरातल्या संध्याकाळसाठी ती चांगली. घाटात वळण हातात घेऊन खेळवण्याचा आनंद तिच्यात कमी. दुसरा प्रतिस्पर्धी पुण्याचा. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी डिझाइनने जानेवारी 2012 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ‘अवंती’ मांडली. रेनोचेच दोन लिटरचे टर्बो इंजिन, 250 अश्वशक्ती, आसनांच्या मागे. कागदावर ती या सगळ्यांच्या पुढे आहे. पण तिचे वजन सुमारे 1580 किलो, म्हणजे टनामागे साधारण 158 अश्वशक्ती. रोडस्टरचे वजन सढळ हाताने 800 किलो धरले आणि कॉन्टेसातली 88 अश्वशक्तीच मोजली, तरी टनामागे 110 येते. इंजिनाची ताकद जवळजवळ तिप्पट असून गाडीला मिळालेला फायदा दीडपटीच्याच आसपास. उरलेली ताकद वजन ओढण्यात गेली. आणि वजन ब्रेकला, टायरला, सस्पेन्शनला रोज भोगावे लागते. मोहदरी उतरताना तर पावलोपावली.

इथे जाणकार वाचक मोठा आक्षेप घेईल, आणि तो खरा आहे. इंजिन मधे असलेली गाडी वळणात अधिक चपळ असते, कारण जड भाग तिच्या केंद्राजवळ असतात. शर्यतींच्या इतिहासाने हे सिद्ध केले आहे. 1959 मध्ये जॅक ब्रॅबमने चालकामागे इंजिन असलेल्या कूपर गाडीवर फॉर्म्युला वनचे विजेतेपद मिळवले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत पुढे इंजिन असलेली गाडी त्या स्पर्धेतून हद्दपार झाली. 1953 पासून पुढे इंजिन ठेवणारी अमेरिकेची कॉर्व्हेटही अखेर 2019 मध्ये मधल्या इंजिनाकडे वळली. हे सगळे मान्य. पण उलटा पुरावाही आहे. फेरारीने 1973 मध्ये आपली बारा सिलिंडरची प्रमुख दोन आसनी गाडी मधल्या इंजिनाकडे नेली आणि 1996 साली 550 मारानेल्लोबरोबर इंजिन परत पुढे आणले. मर्सिडीज-एएमजीने 2014 मध्ये पोर्शे 911 समोर जी नवी ‘जीटी’ उभी केली, तिचेही इंजिन पुढेच आहे; फक्त ते पुढच्या आसाच्या मागे सरकवून आणि गिअरबॉक्स मागच्या आसाशी नेऊन वजनाचा काटा किंचित मागे झुकवलेला आहे. म्हणजे खरा प्रश्न इंजिन पुढे की मधे असा नसून वजन दोन आसांच्या आत आहे की बाहेर, असा आहे. सेव्हनच्या घराण्यात इंजिन आधीच मागे ढकललेले असते आणि चालकाचे वजन मागच्या चाकांवर पडते. त्यामुळे तिचा तोल मुळातच बरा, आणि मर्यादेपाशी ती चालकाला आगाऊ कळवत घसरते. मधल्या इंजिनाची गाडी जास्त वेळ धरून ठेवते, पण सुटते तेव्हा झटक्यात सुटते. शर्यतीच्या चालकाला जास्त वेळ धरून ठेवणारी हवी. मोहदरीत ज्याच्या समोरून उसाची ट्रॉली येते त्याला आगाऊ कळवणारी.

सवयीच्या प्रतिस्पर्ध्याला हटवणे किती अवघड, हेही त्याच पोर्शेकडून शिकावे. 1977 मध्ये कंपनीने स्वतःच पुढे इंजिनची 928 आणली, ती 911 ची जागा घेईल या हिशेबाने. अनेक बाबतींत ती सरस होती. तरी 1995 मध्ये 928 बंद झाली आणि मागच्या आसाच्याही मागे इंजिन लोंबणारी 911 आजही विकली जाते. मांडणीचा तर्क एकटा जिंकत नाही.

दुसरा आक्षेप नकलेचा: हे तर इंग्रजांचे जुने चित्र गिरवणे झाले. मला हा आक्षेप हलका वाटतो. जी गोष्ट ब्रिटनमध्ये केटरहॅम अर्धशतक करत आहे ती कोकणात केली म्हणून कमी होत नाही, आणि भारतीय रस्त्यावर भारतीय बाजारात मिळणाऱ्या इंजिनाभोवती ती बसवणे हे स्वतंत्र काम आहे. फायबरग्लासची निवडही विचाराची आहे. पत्र्याचे भाग दाबून काढायचे तर डायवर एवढा पैसा लागतो की हजारो गाड्या विकल्याशिवाय तो निघत नाही. साच्यात काचतंतूचे कापड अंथरून रेझिन चढवणे हे हाताचे, हळू आणि घाण काम, पण शंभर गाड्यांच्या आकड्यावर तेच परवडते. तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. छप्पर नाही, एअरबॅग नाही, बाजूने धडक बसली तर मधे फायबरचा पातळ थर आणि नळ्या. ट्रकांच्या रांगेत अशा गाडीतल्या चालकाचे डोके चाकाच्या उंचीवर येते. समृद्धीवर रात्री ही गाडी नेऊ नये, असेच मी सांगेन.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि तिने या सगळ्या गाड्यांना गिळले. इंजिन दुसऱ्याचे. कॉन्टेसा 2002 मध्ये थांबली, मे 2014 मध्ये उत्तरपाड्याचा अँबेसिडरचा कारखाना बंद झाला, आणि इसुझूच्या त्या इंजिनाचा झरा आटला. त्यानंतर धुराचे नियमही पुढे सरकले: 1 एप्रिल 2017 पासून देशभर भारत स्टेज चार, 1 एप्रिल 2020 पासून थेट सहा. आजचे इंजिन नुसते बोल्ट कसून बसवता येत नाही. त्याचा संगणक, एक्झॉस्टमधले सेन्सर, ब्रेकचे नियंत्रण, किल्लीतली चिप हे सगळे एकमेकांशी बोलतात. मूळ गाडीतून बाहेर काढलेले इंजिन सुरूच व्हायला नकार देते. धडक चाचणी आली, एबीएस आले. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नव्या मॉडेलच्या मंजुरीचा खर्च लाख गाड्यांवर वाटला तर किरकोळ, पन्नास गाड्यांवर वाटला तर गाडीच्याच किमतीजवळ जाणारा. नोंदणी झालेल्या जुन्या गाडीच्या सांगाड्यावर नवी काया चढवण्याची वाटही जानेवारी 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अरुंद झाली. मूळ उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध केलेला बदल आता चालत नाही. आणि हे फक्त लहानांनाच जड गेले असेही नाही. टाटा मोटर्सने मार्च 2017 मध्ये जिनिव्हात ‘रेसमो’ दाखवली: स्वतःचे 1.2 लिटरचे टर्बो इंजिन, 190 अश्वशक्ती, आसनांमागे. इंजिन, पैसा, चाचणीची सोय सगळे घरचे असूनही ती रस्त्यावर आली नाही.

तरी सिन्नरच्या बाजूने पाहिले तर चिंकारासारख्या हलक्या रोडस्टरची सामग्री आज पूर्वीपेक्षा जवळ आहे. महिंद्राची थार तीस किलोमीटरवरच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन 150 अश्वशक्तीचे आहे, पुढे आणि उभे बसवलेले, मागच्या चाकांना जोर देणारे. म्हणजे कॉन्टेसाने चिंकाराला दिले त्याच धाटणीचे, फक्त कितीतरी ताकदवान. त्याच कारखान्यात जुळणाऱ्या एक्सयूव्ही 3एक्सओमध्ये 1197 सीसीचे, 131 अश्वशक्तीपर्यंतचे इंजिन आहे. 700 किलोच्या गाडीत ते टनामागे 187 देईल, अवंतीपेक्षा जास्त. नळ्यांचा सांगाडा जोडणारे वेल्डर, गिअरबॉक्सची जोडपट्टी कातणारे टर्नर, ब्रॅकेट बनवणारे फॅब्रिकेटर मुसळगाव-माळेगावच्या परिसरात शोधावे लागत नाहीत. पण सप्टेंबर 2025 च्या जीएसटी बदलाने इथे पेच टाकला आहे. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची मोटार 18 टक्क्यांत, त्यापलीकडची 40 टक्क्यांत. म्हणजे मांडणीला योग्य असलेले थारचे इंजिन घेतले तर ग्राहकाला 40 टक्के कर, आणि कर वाचवायला 1.2 लिटरचे घेतले तर ते आडवे, पुढच्या चाकांसाठी बेतलेले, त्याला उभे करायचे तर गिअरबॉक्सच वेगळा हवा. यातला दुसरा रस्ता अवघड असला तरी मला तोच बरोबर वाटतो. हलक्या गाडीला दोन लिटर लागतच नाहीत.

ब्रिटनमध्ये थोड्या संख्येने किंवा एकेकटी बनणाऱ्या गाडीला स्वतंत्र तपासणीने रस्त्यावर येता येते. केटरहॅमसारखे उत्पादक त्याच वातावरणात तगले. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने वर्षाला दोनशेपर्यंत गाड्या बनवणाऱ्यांसाठी तशी वेगळी मंजुरी ठरवावी: धुराचे नियम पूर्ण, ब्रेक आणि पट्ट्यांची तपासणी कडक, पण मॉडेलमागे गाड्या फोडून दाखवण्याची सक्ती नको, आणि द्रुतगती महामार्गावर बंदी हवी तर घालावी. सोबत मोठ्या उत्पादकांनी बंद खोक्यातले इंजिन त्याच्या संगणकासह आणि कागदपत्रांसह विकत द्यावे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत, तर 131 अश्वशक्तीचे इंजिन नाशिकला आणि ते बसवू शकणारे हात सिन्नरला, असेच राहतील.