कपाटाची किल्ली कोणाकडे?

कार्तिक शुद्ध पंचमी ही व्यापाऱ्यांची लाभपंचमी. त्या दिवशी पेढीवर नव्या वह्यांचा मुहूर्त होतो आणि श्वेतांबर मंदिरांत त्याच तिथीला ज्ञानपंचमी साजरी होते. ग्रंथ पाटावर मांडले जातात, वासक्षेप वाहिला जातो, मुले हात जोडतात. दिगंबर परंपरेत हा मान ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा, श्रुतपंचमीचा. पुढे मात्र दोहोंची वाट वेगळी होते. वही रोज उघडली जाते. ग्रंथ कपाटात जातो आणि किल्ली विश्वस्तांकडे.

पूजेमुळे ग्रंथ टिकले, हे नाकारता येत नाही. कारंजा लाड (पूर्वी अकोला जिल्ह्यात, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात) येथील भांडारांनी हस्तलिखिते जिवापाड जपली. पण ती बोलू लागली वाचणारा आला तेव्हा. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी तेथील अपभ्रंश पोथ्या अभ्यासल्या आणि १९३४ मध्ये मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ संपादून प्रसिद्ध केले.

त्यातील एक प्रसंग कोणत्याही मुलाला आवडेल असा आहे. तेरापूरजवळ राजा करकंडाचा तळ पडतो. डोंगरावर एक हत्ती सोंडेतून पाणी आणि कमळ आणून वारुळाची पूजा करताना दिसतो. राजा तेथे खणतो, तो पार्श्वनाथांची मूर्ती निघते. जवळच लेणे आहे, असेही कवी सांगतो. इकडे मराठवाड्यात धाराशिवजवळ लेणी होती. जेम्स बर्जेस यांच्या १८७८ च्या पुरातत्त्व अहवालात त्यांचे वर्णनही छापले गेले होते. कथा एका कपाटात, अहवाल दुसऱ्या. दोन्ही वाचणारा एकच माणूस भेटला, तेव्हा काव्यातील तेरापूरची लेणी म्हणजेच धाराशिवची लेणी, ही ओळख पटली. नुसत्या धर्मग्रंथांच्या किंवा नुसत्या इतिहासाच्या वाचकाला हे साधले नसते. पुढे मूडबिद्रीला ज्याच्या ताडपत्रांचे केवळ दर्शन घडत असे, त्या षट्खंडागमाचा धवला टीकेसह पहिला खंड याच विद्वानाच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला.

आज आपल्या घरांतील मुले वाचत नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. ती शिकवणीच्या नोट्स भरपूर वाचतात. नववीपासून वाणिज्य शाखेचे बेत सुरू होतात आणि गोष्टीचे पुस्तक हाती दिसले की वडीलच विचारतात, ‘याचा उपयोग काय?’ प्रश्न विचारणाऱ्या वडिलांच्या हाती बाजारभावांखेरीज दुसरे वाचन नसते, हेही मुले पाहत असतात.

मंदिराच्या वाचनालयात मुलांच्या उंचीचा एक फळा मोकळा करावा. त्यावर कथानुयोगातील गोष्टी असाव्यातच. शेजारी जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, विदर्भाच्या रानावनांत आयुष्य वेचलेले मारुती चितमपल्ली, आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या आणि पशुबळीविरुद्ध उभ्या राहिलेल्या गाडगेबाबांचे चरित्र, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही ठेवावीत. पतीने धर्म बदलल्यावर घरात काय घडते, हे अनेकान्त शिकणाऱ्या मुलाने अवश्य वाचावे. वाचून झाल्यावर परीक्षा घेऊ नये आणि अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल रागावूही नये.

आणि किल्ली सातवी-आठवीतल्या एखाद्या मुलीकडे सोपवावी. पाने दुमडतील, दोन-चार पुस्तके परत येणार नाहीत. डाळीच्या पोत्यामागे घट धरतोच. तेवढी येथेही धरावी.