सहाध्यायी अध्यापन
व्याख्यान थांबवून विद्यार्थ्यांना परस्परांशी चर्चा करावयास लावणारी अध्यापनपद्धती. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीविज्ञ एरिक मॅझूर यांनी ती १९९१ पासून विकसित केली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवीत. तथापि १९९० च्या सुमारास डेव्हिड हेस्टेनिस व सहकाऱ्यांच्या धर्तीची संकल्पनाचाचणी घेतली असता, न्यूटनचा तिसरा नियम पाठ असूनही मालमोटार व लहान मोटार यांच्या टकरीत मालमोटारीचेच बल अधिक, असे अनेकांनी मानले. म्हणजे नेहमीची परीक्षाही आकलन मोजीत नव्हती. या पद्धतीत प्रत्येकजण बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर प्रथम स्वतंत्रपणे नोंदवितो, शेजाऱ्याला ते पटवून पाहतो आणि पुन्हा नोंदवितो. नुकताच उमगलेला विद्यार्थी इतरांची अडचण ओळखतो. निष्णात अध्यापकाला ती बहुधा आठवत नाही. नोंदीसाठी यंत्रे वापरतात, पण साध्या अक्षरपट्ट्याही पुरतात.