आधी गेट, मग खोली: व्याघ्र प्रकल्पाशेजारचा आलिशान मुक्काम कसा आखावा

आजचा विषय चैनीचा आहे. जंगलात जायचं आणि आरामात राहायचं, यात वाईट काही नाही. पण अशा सहलीचं नियोजन बहुतेक लोक उलट्या टोकाकडून करतात. आधी फोटो बघून खोली घेतात, मग विमानाची तिकिटं काढतात आणि शेवटी विचारतात, ‘सफारीचं काय?’ तोवर सफारीच्या जागा भरलेल्या असतात.

ताडोबाचं उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे जंगल १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९८६ मध्ये शेजारचं अंधारी अभयारण्य झालं आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतला गाभा, म्हणजे कोअर, सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचं बफर आहे. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, हॉटेलं आहेत आणि वाघही आहेत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं ते नव्या नियमांसह. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, हा त्यातला मुख्य नियम.

याचा तुमच्याशी संबंध काय? रोज किती गाड्या सोडायच्या हे प्रत्येक गेटला ठरलेलं आहे. खोली महागड्या रिसॉर्टमधली असो की गावातल्या साध्या लॉजमधली, पहाटे सगळे त्याच रांगेत उभे राहतात. जिप्सी तीच, रस्ते तेच, गाइडही गावातलाच. पैशाने गादी मऊ होते, वाघ जवळ येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी गेट, मग सफारी, मग खोली. नागपूरहून येणाऱ्याला उत्तरेचं कोलारा सोयीचं पडतं, चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली. ही दोन गेटं जंगलाच्या दोन बाजूंना आहेत. मुक्काम एकीकडे आणि सफारी दुसरीकडे असं झालं, तर पहाटेच्या अंधारात जंगलाला वळसा घालत बसाल. वनखात्याच्या संकेतस्थळावर जागा मिळाली, की मगच त्या गेटजवळची खोली घ्या. आरक्षण ओळखपत्रावरच्या नावाने होतं, तेव्हा ऐन वेळी ‘माझ्याऐवजी मेहुणा जाईल’ हे चालत नाही. मंगळवारी गाभा बंद असतो. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, तो पूर्ण बंद असतो. बफरची काही गेटं तेव्हाही उघडी असतात.

तीन रात्री असतील तर चार सफाऱ्या पुरे: दोन-तीन गाभ्यात, एखादी बफरमध्ये. एक दुपार मोकळी सोडा. पहाटे उठून चार तास उघड्या जिप्सीत हादरे खाल्ल्यावर शरीर विश्रांती मागतं. खरं तर त्या दुपारसाठीच तुम्ही चांगल्या खोलीचे पैसे मोजलेले असतात.

आता ऋतू. हिवाळ्यात हवा छान, पण पहाट बोचरी असते. गरम कपडे हवेतच. वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे मध्ये वाढते. गवत वाळतं, नाले आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. पारा ४५ अंशांच्या वर जातो.

इथे जरा थांबू. याच मे महिन्यात बफरमधली बायामाणसं पहाटे तेंदूपानं तोडायला जंगलात जातात. त्याआधी मोहफुलं वेचायला जातात. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा या काही आठवड्यांत मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, त्यातली कित्येक अशीच वाकून काम करताना. तुम्ही ज्या वाघासाठी कॅमेरा सरसावता, त्याच्याच वाटेवर कुणाची तरी आई पानं तोडत असते. आणि नवेगाव, जामणीची ती हिरवी कुरणं, जिथे जिप्सी थांबतात? तिथे पूर्वी गावं होती. वाघासाठी ती उठून बाहेर गेली. ताडोबा हे नावच तारू या गोंड प्रमुखावरून आलं, अशी तिथली कथा आहे. तो वाघाशी झुंजताना मेला, असं सांगतात.

हे सांगतोय ते तुमची सहल कडू करायला नाही. खोली निवडताना चार प्रश्न विचारता यावेत म्हणून. तुमच्याकडे कामाला आसपासच्या गावांतली माणसं किती? उन्हाळ्यात तरणतलावाचं पाणी कुठून येतं? कुंपणाने जनावरांची वाट अडते का? रात्री दिवे आणि गाणी किती वाजेपर्यंत? ज्या मालकाकडे सरळ उत्तरं आहेत, त्याच्याकडे राहा. जंगलाशेजारची खरी चैन म्हणजे रात्रीचा अंधार आणि शांतता. लांबून सांबराचा धोक्याचा आवाज आला, तर तो ऐकू यायला हवा.

शेवटची गोष्ट बक्षिसीची. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली. पण मागे बसून ‘अजून थोडं पुढे घ्या ना’ कोण म्हणतं? आपणच. वाघ दिसला तर पाचशे आणि नाही दिसला तर शंभर, असा हिशेब आपण ठेवला, तर गाडी पुढे जाणारच. म्हणून बक्षिसी आधीच मनाशी ठरवा आणि वाघ दिसो न दिसो, तेवढीच द्या. गाइडला निघतानाच सांगा, ‘दादा, घाई नाही. पक्षी दाखवा, झाडं दाखवा, पावलांचे ठसे दाखवा.’ बघा, त्याचा चेहरा कसा सैल होतो. अस्वल, गवा, रानकुत्री, तलावातली मगर हेही ताडोबाच आहे.

तेव्हा रिसॉर्टला फोन कराल, तेव्हा पहिला प्रश्न नाश्त्याचा नको. ‘तुमच्यापासून जवळचं गेट कोणतं?’ हा विचारा. बाकीचं त्यावरून ठरत जाईल. आता तुमचे प्रश्न घेऊ.