ओला काळा, कोरडा काळा

ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे चालत गेलं, की तटाजवळ पोचल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. भरतीचं पाणी जिथवर चढलेलं असतं तिथवरचा दगड काळाकुळकुळीत आणि चकचकीत. त्याच्या वरचा, उन्हाने सुकलेला दगड भुरका, राखाडीकडे झुकलेला. दगड तोच, बेसॉल्ट. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचं काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे अवजड चिरे चुन्याविना एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि ओसरल्यावरही बराच वेळ झिरपत राहतं, त्यामुळे ओल्या-कोरड्याची सीमा सरळ रेषेत नसते. ती वेडीवाकडी, तुटक, मधेच ओघळलेली असते.

कोरड्या दगडाचा पृष्ठभाग खडबडीत. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांपर्यंत येतोच. ओल्या दगडावर पाण्याचा गुळगुळीत पापुद्रा असतो, तो उजेड एकाच दिशेला परतवतो. त्या दिशेला आपण असलो तर झळाळी दिसते, नसलो तर गर्द काळोख. मोठ्या इंकजेट प्रिंटरमध्ये दोन वेगवेगळ्या काळ्या शाया का असतात, ते या भिंतीपाशी उभं राहिलं की उमगतं.

मी अलिबागेत छायाचित्रं आणि चित्रांच्या प्रती छापतो. नाक्यावरच्या फ्लेक्सचं काम वेगळं. तिथे सॉल्व्हंटची शाई असते, काळा एकच असतो आणि फलक पंधरा-वीस फुटांवरून बघायचा असतो. माझ्या कामात माणूस प्रिंट हातात धरतो, खिडकीपाशी नेतो, तिरपी करून बघतो. माझ्याकडच्या चोवीस इंची यंत्रात बाकी रंगांच्या जोडीला फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक, दोन्ही कायम भरलेले असतात.

दोन्हींतलं रंगद्रव्य एकच, कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीच. फरक तिला धरून ठेवणाऱ्या राळेत. फोटो ब्लॅकच्या कणांवर राळेचं जाडसर वेष्टण असतं. चकचकीत कागदाच्या लेपावर हे कण चिकटून बसतात, त्यांचा सपाट थर होतो आणि काळा खोल दिसतो. मॅट ब्लॅकमध्ये राळ कमी आणि काजळी मोकळी. मॅट कागदाच्या खरखरीत लेपात ती वरच्या वर अडकते आणि मखमली, दाट काळा देते. जुन्या पोथ्यांची शाई करणारे काजळात डिंक घोटायचे, त्यांनाही हे ठाऊक होतं. डिंक वाढला की अक्षर चकाकतं, कमी पडला की बोटाला लागतं.

शायांची अदलाबदल केली तर काय होतं? मॅट ब्लॅक चकचकीत कागदावर छापला, तर सुकल्यावरही तो पांढऱ्या सुती फडक्याला लागतो. फडकं एकदा हलकेच फिरवलं तरी त्यावर काजळीचा पट्टा उमटतो. फोटो ब्लॅक मॅट कागदावर छापला तर पुसला जात नाही, पण फिका पडतो. शाई लेपाच्या आत झिरपते, वर उरते ती राखाडी छटा. परत येणारा उजेड मोजणाऱ्या स्पेक्ट्रोने मोजलं की चित्र स्पष्ट होतं. सुती मॅट कागदावर मॅट ब्लॅकची डेन्सिटी, म्हणजे काळेपणाचं माप, १.६५ च्या आसपास येते, म्हणजे पडलेल्या उजेडातला दोन टक्क्यांहून थोडा अधिक परत येतो. त्याच कागदावर फोटो ब्लॅक १.३५ च्या आसपास अडकतो, परत येणारा उजेड जवळजवळ दुप्पट. आणि फोटो ब्लॅक बरायटा नावाच्या चकचकीत कागदावर टाकला, की डेन्सिटी २.३ च्या पुढे जाते, उजेड अर्धा टक्का परत येतो. म्हणून शाई कुठली हे कागद बघितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही. काळा रंग कार्ट्रिजमध्ये भरलेला नसतो, तो शाई आणि कागद एकमेकांना भेटतात तिथे तयार होतो.

या दोन शायांनी छपाई करणाऱ्यांना बरीच वर्षं छळलं. एपसनच्या पिग्मेंट शायांची अल्ट्राक्रोम मालिका २००२ मध्ये आली तेव्हा कागद बदलला की काळं कार्ट्रिजही काढून दुसरं बसवायला लागे. मोठ्या यंत्रांत तर नळीतली अख्खी शाई वाहून काढावी लागायची, त्यामुळे लोक एकाच प्रकारच्या कागदाला बांधले गेले. २००६ च्या एपसन ३८०० मध्ये दोन्ही काळे एकदम बसू लागले, पण प्रिंटहेडला वाटा आठच होत्या आणि शाया नऊ. दोन्ही काळ्यांना एकच वाट. फोटोवरून मॅटवर जाताना दीडेक मिलिलिटर शाई वाया जायची, मॅटवरून फोटोवर येताना साडेचार. गर्दीच्या दिवसांत छापणारा माणूस मॅटची कामं एका दिवसाला ढकलून ठेवायचा. त्याच सुमारास कॅननच्या आयपीएफ ५००० ने आणि एचपीच्या झेड ३१०० ने बारा शायांची यंत्रं आणली, त्यांत दोन्ही काळ्यांना स्वतंत्र नोझल होते. एपसनने आपल्या सतरा इंची पी ९०० मध्ये २०२० साली हा बदल केला.

एकदा वाटा वेगळ्या झाल्या, की पुढचा विचार सुचतो. दोन्ही काळे एकाच कागदावर, एकाच प्रिंटमध्ये का वापरू नयेत?

बहुतेक वेळा यंत्राचा ड्रायव्हरच हे ठरवून टाकतो. आपण कागदाचं नाव निवडायचं, तो शाई निवडतो. प्रत्येक शाईवर थेट हात ठेवायचा तर रिप नावाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. कृष्णधवल छापणाऱ्यांमध्ये रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप त्यासाठीच प्रसिद्ध आहे. कुठली शाई कुठल्या छटेत किती पडावी, हे तिथे माणूस ठरवतो.

मुरूडकडचा एक तरुण छायाचित्रकार कुलाब्याच्या तटाचं कृष्णधवल छायाचित्र घेऊन आला, तेव्हा मला हे काम मनासारखं करायला मिळालं. ओहोटीची सकाळ, भिंत जवळून टिपलेली, खाली ओला दगड, वर कोरडा. त्याला सुती मॅट कागदच हवा होता.

"दादा, ओला दगड ओला दिसायला हवा. नुसता काळा झाला तर मजा नाही."

"ओलं दाखवायचं तर बरायटा घे की. आपोआप दिसेल."

"वरचा दगड मग प्लास्टिकसारखा दिसतो हो. तो कोरडाच राहू दे."

त्याचं बरोबर होतं. कागदाची चकाकी सगळ्या चित्रावर सारखी पसरते, तिला भिंतीचा खालचा भाग आणि वरचा भाग कळत नाही.

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो खाली जास्त शाई ओतण्याचा. मॅट ब्लॅकवर फोटो ब्लॅक चढवला तर काळा आणखी खोल होईल, असं वाटतं. तसं होत नाही. प्रत्येक कागदाची शाई पिण्याची एक मर्यादा असते. तिच्या पलीकडे डेन्सिटी वाढायची थांबते, कागद फुगतो, कडा पसरतात आणि दगडाच्या बारीक भेगा बुजून जातात. दोन वेळा छापायचं, म्हणजे आधी मॅट ब्लॅक, वाळल्यावर तोच कागद पुन्हा घालून ओल्या भागावर फोटो ब्लॅक, हेही लोक सुचवतात. सुती कागद ओल शोषून लांबी-रुंदीला बदलतो. आमच्या हवेत दुसरी छपाई पहिलीवर केसाच्या नेमकेपणाने बसवणं कठीण, आणि भेगांच्या चित्रात तेवढंसं सरकणंही दिसतं.

म्हणून फोटो ब्लॅकला खोली वाढवायला लावायचं नाही, त्याचा फिकेपणाच वापरायचा. मॅट कागदावर तो काळ्यासारखा वागत नाही, अतिगडद करड्यासारखा वागतो. यंत्रातल्या करड्या शाईची मजल जिथे संपते आणि मॅट ब्लॅक जिथे सुरू होतो, त्यांच्यामध्ये एक मोठी उडी असते. त्या उडीत मॅट ब्लॅकचे विरळ थेंब पडतात. दहापट भिंगातून बघितलं तर करड्यावर काळी मिरपूड भुरभुरल्यासारखे दिसतात. ओल्या दगडाच्या छटा या पट्ट्यातच येतात. तिथे फोटो ब्लॅक घातला, की विरळ काळ्या थेंबांच्या जागी जरा फिके थेंब दाटीने पडतात, मिरपूड नाहीशी होते आणि छटा सलग होते.

हे करायची रीत शांतपणाची आहे. आधी नोझल चेक, सगळ्या रेषा अखंड हव्यात. मग प्रत्येक काळा एकटा, शून्यापासून शंभरापर्यंतच्या एकवीस पायऱ्यांत छापायचा. पट्टी एक दिवस वाळू द्यायची, कारण ताज्या प्रिंटचं माप आणि वाळलेल्या प्रिंटचं माप वेगळं येतं. मग स्पेक्ट्रो एकेका चौकोनावर टेकवून आकडे घ्यायचे. फोटो ब्लॅकची पट्टी पुढे पुढे गेली की आकडे वाढेनासे होतात, तिथे त्याची हद्द आखायची. त्या हद्दीच्या थोडं आधीपासून मॅट ब्लॅक हळूहळू आत आणायचा आणि तळाशी तो एकटाच उरेल असा कर्व्ह, म्हणजे छटेनुसार शाईचं प्रमाण दाखवणारी रेषा, ओढायचा. पुन्हा एकत्रित पट्टी, पुन्हा माप. दोन शेजारच्या पायऱ्या सारख्या दिसल्या किंवा एखादी उलटी गेली, तर कर्व्ह तिथे सुधारायचा. हे हातघाईने होत नाही.

हवा मधे पडते ती वेगळीच. पावसाळ्यात इथे बाहेरची आर्द्रता नव्वदीला टेकते. सुती कागद ती ओढून घेतो, कडेने लहरी उठतात आणि प्रिंटहेड त्या लहरीला घासून गेलं की काळा ओरखडा उमटतो. म्हणून खोली बंद, एसी आणि डीह्युमिडिफायर चालू, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास. मांडव्याला रो-रो बोटीने आलेला कागदाचा रोल प्लास्टिकमध्येच एक दिवस खोलीत मुरू द्यायचा. वीज गेली की इन्व्हर्टरवर चालू असलेली प्रिंट पुरी होईल एवढी बॅटरी हवीच, कारण मधे थांबलेली छपाई पुन्हा सुरू केली तर गर्द भागात पट्टा राहतो.

आणि धूळ. सुती कागदाच्या कापलेल्या कडेला सूक्ष्म तंतू असतात. एखादा तंतू पृष्ठभागावर पडलेला असला तर शाई त्याच्यावर पडते. वाळल्यावर तंतू गळून जातो आणि गर्द काळ्यात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरतो. आकाशात तो दिसणार नाही, ओल्या दगडात लगेच दिसतो. छपाईआधी मऊ, रुंद ब्रशने सगळा कागद एकाच दिशेने झटकून घ्यायचा. माझ्या मते या कामात यंत्रापेक्षा हा ब्रश जास्त वेळा चित्र वाचवतो.

तटाची प्रिंट वाळल्यावर त्या मुलाने ती खिडकीपाशी नेली, तिरपी केली. तळाचा काळा होता तेवढाच होता, मापात एका आकड्याचाही फरक नव्हता. फरक त्याच्या वरच्या पट्ट्यात होता. चिऱ्याच्या पोटातला खड्डा, त्यात थांबलेलं पाणी आणि फटीतून खाली उतरलेला ओघळ, तिन्ही वेगवेगळे दिसत होते. ओघळाच्या कडेला मूळ छायाचित्रात उजेडाची एक बारीक तिरीप होती. आजूबाजूचा काळा मोकळा झाल्यावर ती उठून आली, आणि ओलेपणा त्या तिरिपीने दाखवला.

"आता कोरडा दगड बघा," तो म्हणाला. वरच्या भिंतीकडे आम्हा दोघांचंही लक्ष सगळ्यात शेवटी गेलं होतं.

मॅट प्रिंट काचेमागे जाते तेव्हा काचेची चकाकी तिच्यावर चढते आणि एवढी मेहनत अर्धी झाकली जाते. म्हणून मी गिऱ्हाइकाला साधी काच लावू नका म्हणतो. प्रतिबिंब न उठणारी काच महाग पडते, पण गर्द चित्राला तीच लावावी. मोकळी ठेवायची तर समुद्रालगतच्या घरात ओल आणि बुरशी यांचा धोका राहतो, तेव्हा काचेविना लावण्याचा सल्ला मी इथे देत नाही.

दोन्ही काळे कायम भरून ठेवण्याची किंमतही आहे. बरायटाची कामं सलग आली की मॅट ब्लॅक नुसता पडून राहतो. पिग्मेंट तळाशी बसतं, नोझल सुकतात, आणि सफाईत यंत्र न वापरलेली शाईही ओढून टाकतं. त्यासाठी मी दर आठवड्याला उरलेल्या मॅट कागदाच्या तुकड्यावर दोन्ही काळ्यांची लहान पट्टी छापतो आणि तिच्यावर तारीख घालून फाइलला लावतो. गेल्या पावसाळ्यातली पट्टी यंदाच्या पट्टीशेजारी ठेवली, की कुठला काळा किती सरकला ते लगेच कळतं, आणि कर्व्ह पुन्हा कधी ओढायचा हेही.