खाडीवर गळ टाकताना : दांडी आणि रीळ कशी निवडावी?

मावळात पडणारा पाऊस इंद्रायणी-पवनेतून पूर्वेकडे वाहून जातो, असे आपण शाळेत शिकलो. ते सगळेच खरे नाही. लोणावळा, वलवण आणि शिरोता या तलावांत अडवलेले पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मोठ्या नळांतून घाटाखाली सोडले जाते. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले. वीज तयार झाल्यावर हे पाणी पाताळगंगेत जाते आणि पुढे कोकणच्या खाडीला मिळते.

अलीकडे या पाण्यामागोमाग आपली मुलेही घाट उतरू लागली आहेत. कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड येथील तरुण सुट्टीच्या दिवशी खोपोली-पाली-वाकण या रस्त्याने रेवदंडा, धरमतर किंवा थेट सावित्रीच्या खाडीवर जातात. पूर्वी पवनेच्या काठी बांबूची काठी, तंगूस आणि गांडूळ एवढ्यावर भागत असे. आता मुलांना खोटा मासा फेकून खरा मासा धरायचा असतो. इंग्रजीत या खोट्या माशाला ल्युअर म्हणतात. त्यासाठी दांडी आणि रीळ लागते, आणि येथेच खिसा रिकामा होतो. दुकानदार चकचकीत वस्तू पुढे करतो, मुलगा भुलतो आणि घरी आई विचारते, "एवढे पैसे कशाला घातलेस?" तिच्या प्रश्नाला नीट उत्तर देता यावे, म्हणून हा लेख.

आधी शीलाचा प्रश्न

हे वाचून काही उपासक-उपासिका विचारतील की, बौद्धाच्या हातात गळ कसा? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. अहिंसा हा आंधळा नियम नसून बुद्धीने पाळावयाचे तत्त्व आहे, असा त्यांचा विचार आहे. ज्यांनी मासे, मांस सोडले आहे त्यांनी गळ हाती धरू नये, हे उघड आहे. पण ज्यांच्या घरी मासा शिजतो, त्यांनी घरच्या कालवणापुरता मासा धरणे वेगळे आणि जखमी करून गंमत पाहणे वेगळे.

या दोहोंमधला फरक हत्याराच्या निवडीतही दिसतो. कमजोर दोरीवर मोठा मासा लागला की दोरी तुटते. मग तो मासा जबड्यात गळ अडकलेल्या स्थितीत पाण्यात जातो, ना आपल्या पोटात ना सुखाने जगायला. फारच हलकी दांडी असेल तर तो अर्धा तास ओढत राहतो, आणि नंतर सोडून दिला तरी दमून मरतो. उलट फार जड सामान घेतले तर हलके आमिष दूर जात नाही, हात भरून येतो आणि पैसेही वाया जातात. मासा चटकन काठाला यावा, ठेवायचा तर ठेवावा, सोडायचा तर धडधाकट सोडता यावा, एवढ्या ताकदीचे सामान योग्य. मध्यम मार्ग येथेही लागू पडतो.

खाडीत कोणता मासा आहे?

हत्यार घेण्यापूर्वी काम ओळखावे. खाडी म्हणजे नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी भरती-ओहोटीबरोबर मिसळते ती जागा. काठाला तिवराची झाडे, खाली चिखल, कोठे खडक, कोठे जुन्या जेटीचे खांब.

येथला मुख्य मासा जिताडा. तो दबा धरून बसतो आणि लहान मासे, कोळंबी यांवर झडप घालतो, म्हणून खोट्या माशाला फसतो. तो एक-दोन किलोचा मिळतो, तसा दहा किलोच्या वरही मिळतो. त्याच्या कल्ल्यांची झाकणे पात्यासारखी धारदार असतात. दुसरा तांबोशी. हा लागला की सरळ तिवराच्या मुळांत घुसतो. पहिल्या काही क्षणांत थोपवला नाही तर गेलाच. याशिवाय खडकालगत गोबरा आणि सगळीकडे शिंगाळा. म्हणजे आपल्याला एक ते पाच किलोचा मासा आरामात आणि एखादा त्याहून मोठा मासा सांभाळून ओढता येईल असे सामान हवे.

दांडी

लांबी : काठावरून टाकायचे असेल तर साडेसात ते साडेआठ फूट. होडीतून किंवा तिवराच्या दाटीत सात फूट पुरे. दहा-बारा फुटी दांड्या उघड्या समुद्रकिनाऱ्यासाठी असतात, त्या खाडीत झाडांना अडकतात. एस.टी.ने किंवा मोटारसायकलवर जाणाऱ्यांनी दोन तुकड्यांची दांडी घ्यावी. एकात एक सरकणाऱ्या दांड्या छोट्या पिशवीत मावतात, पण त्यांच्या सांध्यांत वाळू आणि मीठ शिरते.

ताकद : दांडीच्या मुठीजवळ ती किती ग्रॅमच्या आमिषासाठी आहे आणि किती पौंडी दोरीसाठी आहे, हे छापलेले असते. खाडीसाठी साधारण १० ते ३५ ग्रॅम आणि १० ते २५ पौंड अशी दांडी पाहावी. तिला मीडियम म्हणतात. जेथे हे आकडे छापलेलेच नाहीत, ती दांडी घेऊ नये.

जात : फायबरग्लासची दांडी जड, पण दणकट आणि स्वस्त. कार्बनची हलकी, दिवसभर फेकून हात दुखत नाही आणि माशाचा बारीक धक्काही मुठीत कळतो. मात्र ती दगडावर आपटली की तडकते. आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावी : कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली ही दांडी उभी करू नये आणि आभाळात वीज कडकडू लागली की खाली ठेवून दूर व्हावे. नवशिक्याला दोन्ही मिश्रणाची दांडी बरी.

दुकानात परीक्षा : दांडी डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहावे. तिच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. धागा अडकला तर कडीला चीर आहे आणि ती दोरी कापणार. मग रीळ लावून दोरी कड्यांतून ओवावी आणि टोकाला अर्धा किलोचे वजन बांधून हळू उचलावे. शेंड्याकडचा भाग वाकला पाहिजे आणि मुठीकडचा भाग ताठ राहिला पाहिजे. दुकानदार करू देत नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

रीळ

रिळे मुख्यतः दोन प्रकारची. एक दांडीच्या खाली लटकते आणि तिच्या तारेची कमान उघडून दोरी सुटते. हिला स्पिनिंग रीळ म्हणतात. दुसरी दांडीच्या वर बसते आणि फेकताना तिचे चाक फिरते. दुसरी नेम धरायला चांगली, पण अंगठ्याचा अंदाज चुकला की दोरीचे घरटे होते. शिकणाऱ्याने स्पिनिंगच घ्यावी.

रिळांवर १०००, २५००, ४००० असे आकडे असतात. तो आकार आहे. खाडीसाठी ४००० योग्य. तिच्यावर २० ते ३० पौंडी विणलेली दोरी निदान दीडशे मीटर बसली पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सहा-साडेसहा फुटी दांडी आणि २५०० ची रीळ हाताला झेपते. मुलींना मुद्दाम शिकवावे. नदीकाठी भावाने गळ टाकायचा आणि बहिणीने डबा सांभाळायचा, ही वाटणी आपल्या घरात नको.

रिळाचा प्राण तिच्या ब्रेकमध्ये असतो. त्याला ड्रॅग म्हणतात. मासा जोरात पळाला तर दोरी तुटण्याऐवजी ब्रेक थोडी थोडी दोरी सोडतो. दुकानात दोरी हाताने ओढून पाहावी : ती एकसारखी सुटली पाहिजे, झटके खात नव्हे. ब्रेक किती आवळावा? दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश. २० पौंड म्हणजे सुमारे ९ किलो. म्हणून सव्वादोन किलोला दोरी सुटू लागावी. भाजीवाल्याकडे असतो तसा लहान ताणकाटा दोरीला अडकवून हे घरीच मोजता येते.

खोक्यावर 'बेअरिंग दहा', 'बेअरिंग बारा' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. त्याला भुलू नये. खाऱ्या पाण्यापासून आतला भाग किती झाकला आहे, हे अधिक महत्त्वाचे. कमानीवरची दोरीची बारीक चकती मोकळी फिरते का, हेही बोटाने पाहावे.

दोरी आणि आमिष

विणलेली दोरी बारीक असून बळकट. ती ताणत नाही, आणि बारीक असल्याने दूर फेकता येते. पण खडकावर आणि कल्ल्याच्या धारेवर ती पटकन कापली जाते. यासाठी तिच्या टोकाला दोन-तीन फूट जाड तंगूस, ४० ते ५० पौंडी, बांधावे. जिताड्यासाठी हे न चुकता करावे.

आमिषे तीन-चार पुरेत : आठ-दहा सेंटीमीटरचा बुडणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा, शिशाच्या डोक्यावर बसवायचा रबरी मासा आणि एक चमचा, म्हणजे पत्र्याचा चकाकता तुकडा. प्रत्येक गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही, आणि चुकून आपल्याच बोटात गळ गेला तर सहज निघतो.

पैशाचा हिशेब

वाणिज्य शाखेत शिकलो आणि आयुष्य कारकुनीत गेले, म्हणून हिशेबाशिवाय चैन पडत नाही. जेवढी रक्कम बाजूला काढता येईल, तिच्या शंभर रुपयांतील ४५ रिळावर, ३० दांडीवर, १५ दोरीवर आणि १० आमिषांवर घालावेत. स्वस्त दांडी एकवेळ चालते. स्वस्त रीळ खाऱ्या पाण्यात एका पावसाळ्यात जाम होते. सर्वात महत्त्वाचे, हे सामान हप्त्यावर किंवा उसनवारीने घेऊ नये. मुलांची फी आणि औषधपाणी भागल्यावर जे उरेल त्यातून घ्यावे. दोन-तीन मित्रांनी मिळून एक संच घेतला तरी बिघडत नाही.

घरी आल्यावर रिळाचा ब्रेक आवळून तिच्यावर गोडे पाणी हलकेच ओतावे, नळाचा जोरदार फवारा मारू नये. पुसून सावलीत वाळवावी, मग ब्रेक सैल करून ठेवावी. कधीमधी मुठीच्या सांध्यात तेलाचा एक थेंब. एवढे केले तर एक संच वर्षानुवर्षे टिकतो.

पाण्यावर कसे वागावे

भरतीची वेळ काढायला चंद्राची तिथी पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. पाणी चढू लागते किंवा उतरू लागते तेव्हा मासा खातो. ओहोटीत चिखलात उतरू नये, भरती पाठीमागून वेढते. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत. तेथे काठापासून दूर उभे राहावे, पाण्यात उभे राहून गळ टाकू नये. कोळी, भोई, दालदी, कातकरी यांचे पोट या पाण्यावर आहे. त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहावे आणि मासा कोठे आहे हे त्यांनाच विचारावे. पुस्तकापेक्षा त्यांना जास्त माहीत असते.

जिताड्याची एक विशेष गोष्ट अशी की, तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे मोठा जिताडा बहुधा अंड्यांची मादी असते. फोटोसाठी तिला मारण्यात कसली मर्दुमकी? हात ओले करून तिला पाण्यात सोडावे. घरी नेण्यास मध्यम आकाराचा एक मासा पुरतो.

सावित्रीच्या खाडीवर जाल तेव्हा दासगावला थांबा. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी याच दासगाव बंदरात उतरून महाडच्या परिषदेला गेले. त्याआधी २० मार्चला चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याचा हक्क बजावला होता. मुलांना बंदर दाखवा आणि हा इतिहास सांगा.

पाणी सर्वांचे आहे हे आपल्या पूर्वजांनी मार खाऊन सिद्ध केले. सर्वांचे असलेले पाणी घाण करण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही. तिवरात सोडलेल्या तुटक्या तंगुसात बगळ्यांचे पाय अडकतात आणि ते तेथेच तडफडून मरतात. म्हणून पिशवीत एक रिकामा डबा ठेवा. आपले असो वा दुसऱ्याचे, काठावर दिसेल तो तंगुसाचा तुकडा त्यात घालून घरी आणा. मासा मिळाला नाही तरी त्या दिवशी तुम्ही रिकाम्या हाताने परतला नाहीत.

जयभीम !