बर्फाचा विस्तार दिसतो; जाडीचे काय?

उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्रावर बर्फ किती उरला, याचे उत्तर बहुधा चौरस किलोमीटरमध्ये दिले जाते. १९७९पासून कृत्रिम उपग्रह हा विस्तार सातत्याने मोजीत आले आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर इतका खाली आला होता. परंतु विस्तार म्हणजे साठा नव्हे. तळ्यात पाणी किती, हे नुसते काठ पाहून सांगता येत नाही. खोलीही ठाऊक असावी लागते. कोणता बर्फ उन्हाळ्यात तग धरील आणि कोणता विरून जाईल, हे त्याच्या जाडीवरच ठरते. बर्फावरून शिकारीस जाणारे इन्युइट आणि रशियाच्या उत्तर किनाऱ्याने जाणारी जहाजे यांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

जाडी मोजणे मात्र सोपे नाही. १९५८ ते १९७६ या काळात बर्फाखालून गेलेल्या पाणबुड्यांच्या नोंदींची १९९० च्या दशकातील नोंदींशी तुलना केली असता, उन्हाळ्याअखेरीस बर्फाचा पाण्याखालील भाग सरासरी ३.१ मीटरवरून १.८ मीटरवर आल्याचे आढळले. २०१० साली सोडण्यात आलेल्या युरोपच्या क्रायोसॅट-२ या उपग्रहाने बर्फाचा पाण्यावरील भाग रडारने मोजला. त्यावरून संपूर्ण जाडी गणिताने काढावी लागते, आणि खरी गोम येथेच आहे. बर्फावर साचलेल्या भुसभुशीत हिमाचे वजन त्याला खाली दाबते. या हिमाचा अंदाज १० सेंटीमीटरने चुकला, तर जाडीचे उत्तर सुमारे ३० सेंटीमीटरने चुकते. असे असूनही दीर्घकाळ हे गणित, तरत्या बर्फावरील सोव्हिएत केंद्रांनी १९५४ ते १९९१ या काळात केलेल्या मोजमापांवरच विसंबून होते. दरम्यान ध्रुवावरचा जुना, जाड बर्फ बव्हंशी नाहीसा झाला होता.

याच जाडीच्या आधारे संगणकीय प्रारूपे पुढील उन्हाळ्याचे भाकीत करतात. आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? संगणक कितीही वेगवान असला, तरी मुळातली चूक तो दुरुस्त करीत नाही; फार तर ती अधिक सफाईने मांडतो. २०१९-२० मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन जहाज बर्फात गोठवून घेऊन शास्त्रज्ञांनी जवळजवळ वर्षभर हिम व बर्फ मोजला, तो याचसाठी.

प्रारूपे सुधारावयाची असतील, तर नव्या संगणकांइतकाच खर्च या रुक्ष, कष्टप्रद मोजणीवरही व्हावयास हवा. ज्ञानाचा पाया शेवटी अशा मोजणीवरच उभा असतो.